लहान कुरणात नवजात वासरू आणि मोठी गुरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या वेशीबाहेर, राऊ, सिमरोळ, महू, हातोद आणि सांवेरच्या बाजूला, एक-दोन एकर जमीन राखून दोन-चार गाई पाळणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत. कोणाकडे माळवी आहे, कोणाकडे निमाडातून आणलेली तांबडी-पांढरी निमाडी, कोणाकडे गीर, तर बहुतेकांकडे एखादी तरी जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गाय असते. गाय व्याली की या घरांतून ठरावीक प्रश्न येतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा लिहिलेला नाही. गरज आहे तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाय कुरणातच व्याली. पहिल्या तासाभरात नेमके काय करायचे?

सर्वप्रथम बाकीची गुरे तेथून हलवावीत, वासराला नव्हे. घाईघाईने वासरू उचलून गोठ्यात नेले जाते आणि गाय मागे राहून हंबरत बसते. त्यापेक्षा इतर गुरे गोठ्यात नेऊन बांधणे दोघांच्याही हिताचे असते. वासराच्या नाकातोंडातील चिकट पदार्थ स्वच्छ फडक्याने काढावा आणि श्वास नीट सुरू झाला आहे ना ते पाहावे. त्यानंतर गाईला वासरू चाटू द्यावे. चाटण्याने वासराचे अंग कोरडे होते, रक्ताभिसरण वाढते आणि दोघांची एकमेकांशी ओळख पक्की होते. गाय चाटत नसेल तर कोरड्या गोणपाटाने अंग चोळून काढावे.

नाळ सहसा आपोआप तुटते. ती लांब लोंबत असेल तर शरीरापासून दोन-तीन इंच अंतर सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधावी, त्याच्या खाली उकळलेल्या कात्रीने कापावी आणि उरलेले टोक टिंक्चर आयोडीनच्या वाटीत पूर्ण बुडवावे. नुसता बोळा फिरवून भागत नाही. पुढचे दोन-तीन दिवस हेच करावे. राख किंवा शेण लावण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी, कारण ओल्या नाळेतून शिरलेले जंतू पुढे सांध्यांत जाऊन बसतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत वासराचे गुडघे सुजतात. त्या वेळी दोष पायाला दिला जातो, पण दुखणे शिरलेले असते नाळेतून.

निरोगी वासरू साधारण एक-दोन तासांत उभे राहते आणि कास शोधू लागते.

२. चीक किती आणि केव्हापर्यंत पाजावा? शेजारीपाजारी खरवसासाठी मागतात, त्यांना केव्हा द्यावा?

गाईच्या गर्भाशयातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. ही द्रव्ये आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची वासराची क्षमता जन्मानंतर तासातासाने कमी होते आणि सुमारे २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या २४ तासांत वासराच्या वजनाच्या किमान दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जावा. वासरू २० किलोचे असेल तर २ लिटर, ३० किलोचे असेल तर ३ लिटर. यांतला निम्मा पहिल्या सहा तासांत आणि पहिला घोट शक्यतो पहिल्या दोन तासांत मिळाला पाहिजे. वासरू तीन-चार तासांत स्वतःहून प्यायले नाही, तर चीक काढून बाटलीने किंवा बोट चोखायला देऊन भांड्यातून पाजावा. डोके खूप वर धरून तोंडात ओतू नये. चीक फुफ्फुसात जातो.

आता खरवस. गाय व्याल्याची बातमी गावात पसरायच्या आधीच परदेशीपुऱ्यातल्या मावशींचा डबा दारात येतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. इथले शेजारी त्याला खीस म्हणतात आणि तेही तितक्याच हौसेने मागतात. नियम एकच ठेवावा : पहिल्या दिवसाचा चीक खरवसासाठी घेऊच नये. जास्त दूध देणारी संकरित गाय असेल आणि वासराचे पोट भरून चीक उरत असेल, तर दुसऱ्या दिवसापासून उरलेला द्यायला हरकत नाही. तो पहिल्याइतका घट्ट नसल्याने खरवसही मऊ होतो. पहिल्या दिवसाचा उरलेला चीक मात्र स्वच्छ बाटलीत भरून, तारीख घालून बर्फकप्प्यात ठेवावा. तो काही महिने टिकतो आणि त्याचा उपयोग प्रश्न १५ मध्ये सांगितला आहे. माळवी गाईकडे मुळातच दूध बेताचे असते, तेथे खरवसाचा विषय काढू नये.

३. वार (गर्भाभोवतीचे वेष्टण) पडेपर्यंत वासराला पाजू नये, असे घरातील वडीलधारे सांगतात. हे खरे आहे का?

नाही. उलट वासराच्या चोखण्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते. वार साधारणपणे १२ तासांच्या आत पडते. त्याहून जास्त वेळ लागला तर ओढून काढण्याचा किंवा वीट बांधण्याचा प्रयत्न न करता पशुवैद्यकांना बोलवावे. पडलेली वार लगेच उचलून खोल पुरावी. ती गाईने खाऊ नये हे एक कारण आहेच. दुसरे असे की वासामुळे मोकाट कुत्री कुरणात येतात आणि तेथे एक दिवसाचे वासरू झोपलेले असते.

४. आमच्याकडे जेमतेम एक एकर कुरण आणि चार मोठी गुरे आहेत. वासराला वेगळे ठेवावे की सर्वांबरोबर सोडावे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. पहिले दोन आठवडे वासरू आणि त्याची आई बाकीच्या गुरांपासून वेगळी असावीत आणि पुढचे निदान तीन महिने एकत्र चरणे देखरेखीखालीच व्हावे, असे आमचे मत आहे.

वेगळे ठेवण्याचे कारण सगळ्यांना एकच वाटते, ते म्हणजे शिंगाची धडक. ती भीती खोटी नाही. आमच्याच गोठ्यात एका एरवी गरीब समजल्या जाणाऱ्या कालवडीने नऊ दिवसांच्या वासराला गव्हाणीवर दाबले आणि त्याची बरगडी मोडली. ती मारकी नव्हती. पेंडीच्या पाटीपाशी आपल्यापेक्षा लहान कोणी आले की बाजूला सारायचे, एवढेच तिला ठाऊक होते. गुरांमध्ये मानपानाची उतरंड असते आणि नवे वासरू त्या उतरंडीच्या तळाशी जन्माला येते. मोकळ्या रानात त्याला बाजूला पळता येते. लहान कुरणात पळायला जागा नसते, म्हणून तीच ढुशी घातक ठरते.

पण त्याहून मोठे कारण शेणात आहे. मोठ्या गाईच्या शेणातून जंतांची अंडी, हगवणीचे जंतू आणि क्वचित जोन्स या आतड्यांच्या जुनाट रोगाचे जंतू पडतात. मोठ्या जनावराला त्यांतल्या बहुतेकांचा फारसा त्रास होत नाही, पण पहिल्या काही आठवड्यांत वासराला त्यांची लागण सहज होते. जोन्स तर वासरपणी शिरून काही वर्षांनी, गाय दुधात आल्यावर डोके वर काढतो. एक एकरात चार गुरे वर्षभर चरत असतील, तर शेण पडलेले नाही अशी जागा शिल्लकच नसते.

जागा वाटण्यापुरती नसेल तर वेळ वाटून घ्यावी. एक एकराचे बांबू आणि दोरीने किंवा तारेने तीन तुकडे करावेत. एका तुकड्यात सकाळी दव सुकल्यावर दोन-तीन तास वासरू आणि आई जातात. ती गोठ्यात परतली की त्याच तुकड्यात दुपारनंतर मोठी गुरे सोडली जातात. तुकडा संपला की पुढच्या तुकड्याचा पहिला मान पुन्हा वासराचा. हा क्रम उलटा होऊ देऊ नये. आधी लहान, मग मोठे, असे चारले म्हणजे वासराला स्वच्छ आणि कोवळे गवत मिळते, तर मागून येणारी मोठी गुरे खालचे जाडे गवत आणि त्यावरच्या जंतांच्या अळ्याही खाऊन टाकतात, ज्या त्यांना सहसा बाधत नाहीत. तुकड्याला पुन्हा पाळी येण्यापूर्वी मिळेल तेवढी विश्रांती द्यावी. उन्हाळ्यात तापलेल्या उघड्या जमिनीवर अळ्या लवकर मरतात, पावसाळ्यात मात्र त्या कित्येक आठवडे तग धरतात.

हेही स्पष्ट सांगायला हवे की एक एकरावर चार गुरांचे पोट भरत नाही. ते कुरण म्हणजे फिरण्याची आणि तोंड चाळवण्याची जागा आहे. खरे पोट कडबा, गव्हाचा भुसा आणि हिरवी वैरण यांवर भरते. गव्हाणीत पुरेसे असेल तर कुरणातली भांडणे निम्म्याने कमी होतात. गावाची चरनोई (गायरान) वापरत असाल, तर तेथे अनेक घरांची गुरे येत असल्याने लसी पूर्ण होईपर्यंत (प्रश्न १२) वासरू तेथे नेऊ नये.

गोठ्यात आठ आठवड्यांपर्यंतच्या वासरासाठी छपराखाली किमान १ चौरस मीटर आणि मोकळी २ चौरस मीटर जागा धरावी.

५. मोठ्या गुरांशी पहिली भेट कशी घालून द्यावी?

एकदम दावे सोडून देऊ नये. पहिल्या आठवड्यात मध्ये कुंपण असताना त्यांना एकमेकांचा वास घेऊ द्यावा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आधी सर्वांत शांत, अनुभवी गाय एकटीच वासराजवळ आणावी. आई मोकळी असावी, म्हणजे ती मध्ये उभी राहू शकते. त्यानंतर एक-एक जनावर वाढवावे. भेट नेहमी मोठ्या गुरांचे पोट भरलेले असताना, कुरणाच्या मोकळ्या बाजूला घालावी. पेंडीच्या वेळी, पाण्याच्या हौदापाशी किंवा अरुंद फाटकात कधीही नाही. पुढचे दोन-तीन दिवस एक माणूस काठी घेऊन तेथे थांबेल एवढी तयारी असेल तरच हे काम हाती घ्यावे.

६. गाय खुशाल चरत असते आणि वासराचा पत्ता नसतो. गाईने त्याला टाकले का?

बहुधा नाही. पहिल्या काही दिवसांत गाय वासराला उंच गवतात किंवा झुडपाआड बसवून चरायला जाते आणि ठरावीक वेळाने पाजायला परत येते. शिकारी प्राण्यांपासून पिलू लपवण्याची ही जुनी सवय आहे. वासरू निपचित पडून राहते आणि हाक मारली तरी उठत नाही. आरडाओरडा करून शोधण्यापेक्षा गाईवर नजर ठेवावी. ती ज्या दिशेला वारंवार मान वळवते तेथेच वासरू सापडते. चार-पाच तास गाय त्याच्याकडे फिरकली नाही, किंवा वासराच्या कुशी आत गेल्या असतील, तर मात्र ते काळजीचे लक्षण समजावे.

लहान कुरणात खरा धोका वेगळाच असतो. नवजात वासरू काटेरी तारेच्या खालच्या ओळीखालून सहज पलीकडे जाते आणि त्याला परत येता येत नाही. गाय व्यायच्या आधीच कुंपणाला खालून एक-दीड फूट उंचीची जाळी किंवा काटेरी फांद्या लावून घ्याव्यात. विहिरीला कठडा आणि खोल हौदात उतरता येईल असा दगड असावा.

७. एरवी शांत असणारी गाय व्याल्यापासून आमच्याच अंगावर येते. काय करावे?

हे आईपण आहे आणि बहुतेक गाईंत आठ-दहा दिवसांत ते निवळते. तोपर्यंत रोज धार काढणाऱ्या माणसानेच जवळ जावे, गाय आणि वासरू यांच्या मधे कधीही उभे राहू नये, कुत्रा बरोबर नेऊ नये आणि मुलांना कुरणात जाऊ देऊ नये. वासराला औषध द्यायचे असेल तर आधी गाईला बांधावे. मान खाली घालून, फुरफुरत, पाय आपटत असलेली गाय इशारा देत असते. त्या वेळी पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे.

८. दुसरी गाभण गाय वासराला चाटते आणि जवळ घेते. हे चांगलेच नाही का?

दिसायला गोड असले तरी ते चांगले नाही. व्यायला आलेल्या गाईची माया आधीच जागी होते. ती परक्या वासराला आपले मानू लागते, खऱ्या आईला जवळ येऊ देत नाही, आणि वासरू तिचाच चीक पिऊन टाकते. मग तिचे स्वतःचे वासरू जन्मते तेव्हा कासेत चीक उरलेला नसतो. व्यायला पंधरा दिवस राहिलेली गाय तान्ह्या वासरापासून दूर बांधावी.

याच्या उलट तक्रारही येते. सहा-सात महिन्यांचे आधीचे वासरू नव्या वासराचे दूध चोरते. अशा मोठ्या वासराला नाकात काट्यांची चोखणबंदी घालता येते, पण ती लहान वासराला टोचू नये इतपत वेगळे ठेवावेच लागते. लहान वासरे एकमेकांची नाळ किंवा कान चोखतात तेव्हा सहसा दूध पिऊन झाल्यावरची चोखण्याची भूक शिल्लक असते. दूध पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटे त्यांना वेगवेगळे बांधून पुढ्यात थोडे सुके गवत टाकले की ही खोड मोडते.

९. वासराला किती दूध सोडावे? ते पुढे नसेल तर आमची गाय पान्हाच सोडत नाही.

पहिल्या महिन्यात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके दूध रोज, दुसऱ्या महिन्यात पंधरावा हिस्सा आणि तिसऱ्या महिन्यात विसावा, हा हिशेब भारतातल्या गोठ्यांत बराच रूढ आहे. थेट पाजणाऱ्या घरांत एक सड पूर्ण आणि बाकीच्या सडांतले शेवटचे दूध वासराला सोडण्याची रीत आहे; वासराचे वजन दर आठवड्याला वाढत असेल तर ती पुरेशी ठरते. अतिशय भुकेले वासरू एकाच वेळी घटाघटा प्यायले तर त्याला हगवण लागते, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा थोडे-थोडे पाजावे.

माळवी, निमाडी आणि गीर गाई वासराच्या स्पर्शाशिवाय पान्हवत नाहीत, हा त्यांचा स्वभाव आहे. काही लोक त्यावर धारेआधी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या १२ व्या कलमानुसार दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक असा कोणताही पदार्थ टोचणे हा गुन्हा आहे. कास कोमट पाण्याने धुऊन, पेंड पुढे ठेवून, रोज त्याच वेळी त्याच माणसाने धार काढली तर हळूहळू सवय लागते.

१०. वासरू गवत कधी खाऊ लागते? त्याची पेंड मोठी गुरेच फस्त करतात.

दुसऱ्या आठवड्यापासून ते गवत चघळू लागते, पण पोटातला मोठा कप्पा पूर्ण कामाला लागायला दोन-तीन महिने जातात. त्या काळात मऊ सुके गवत आणि थोडे वासरांचे खाद्य रोज समोर असावे. कोवळ्या हिरव्या गवतावरच विसंबले तर पोट सुटते. पाणी पहिल्या आठवड्यापासूनच ठेवावे. दूध पिते म्हणून पाणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

पेंड वाचवण्याचा उपाय सोपा आहे. गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांबूंचे कुंपण घालून त्यात सुमारे १६ इंच रुंदीची फट ठेवावी. वासरू आत जाते, गाय जात नाही. वासरू मोठे होईल तशी फट थोडी रुंद करावी. हाच कोपरा त्याची लपायची जागाही होतो, त्यामुळे प्रश्न ४ मधली ढुशीची भीतीही कमी होते.

बांधावरची घाणेरी, कोवळी किंवा पाण्याच्या ताणात खुरटलेली ज्वारी (तिने किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि जनावर तासाभरातही दगावू शकते) आणि शहराकडून वाऱ्याने येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या या तीन गोष्टी कुरणातून रोज पाहून काढाव्यात.

११. वासराला हगवण लागली तर दूध बंद करावे का? जंताचे औषध केव्हा द्यावे?

दूध बंद करू नये. हगवणीत वासरू दगावते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. दूध नेहमीच्या वेळी थोडे-थोडे चालू ठेवावे आणि दोन पाजण्यांच्या मधल्या वेळेत ओआरएसचे पाणी पाजावे. डोळे खोल गेले, पाय आणि तोंड गार पडले, चोखण्याची ताकद गेली, किंवा शेणात रक्त दिसले, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकीय फिरते पथक बोलावता येते. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही या भागातील लोकांना जवळ पडते. निरोगी वासराचे तापमान साधारण १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट असते, म्हणून घरात गुरांसाठी वेगळा थर्मामीटर ठेवावा.

तीन आठवड्यांनंतर रक्त-आव मिसळलेली हगवण दिसली तर ती बहुधा कॉक्सिडिया या सूक्ष्मजीवाची असते. ती ओल्या, शेणाने माखलेल्या जागेतून येते, म्हणून औषधाबरोबर जागाही बदलावी.

जंताचे पहिले औषध दहाव्या ते चौदाव्या दिवशी द्यावे. मोठ्या गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच वासरात जातात, त्यामुळे गवताला तोंडही न लावलेल्या वासरात जंत असू शकतात. औषध आणि मात्रा पशुवैद्यकांकडून वजनानुसार घ्यावी. मोठ्या गाईच्या गोळीचा अंदाजाने तुकडा मोडून देणे धोक्याचे आहे.

१२. लसी कोणत्या वयात द्याव्यात?

लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, महिन्याभराने दुसरी मात्रा आणि नंतर दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी सहा महिन्यांनंतर, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी. ब्रुसेल्लोसिसची (ज्याने गाय गाभडते त्या रोगाची) लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान, आयुष्यात एकदाच. ती जिवंत जंतूंची असल्याने स्वतः टोचू नये. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस यांच्या लसी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली मोफत मिळतात. त्या वेळी कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात. लम्पी या अंगावर गाठी आणणाऱ्या रोगासाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरली जाते; २०२२ ची साथ ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे महत्त्व सांगावे लागत नाही. गाभण गाईच्या लसी वेळेवर झाल्या असतील तर त्याचा लाभ चिकातून वासराला मिळतो.

१३. गोचीड वासराला मोठ्या गुरांकडून लागतात का?

लागतात, आणि संकरित वासराला गोचिडांतून होणारा थायलेरिया हा ताप जीवघेणा ठरू शकतो. खूप ताप, मानेच्या किंवा खांद्याजवळच्या गाठी सुजणे आणि डोळे-हिरड्या पांढऱ्या पडणे ही त्याची लक्षणे आहेत. फक्त वासरावर औषध लावून उपयोग नाही. सर्व गुरे एकाच दिवशी घ्यावीत आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, कारण गोचिडांची अंडी तेथे असतात. लहान वासरावर फवारणी करायची की नाही, आणि कोणत्या औषधाची, हे पशुवैद्यकांना विचारूनच ठरवावे.

१४. पावसाळ्यात काळ्या मातीचा नुसता चिखल होतो. तेव्हा वासरू बाहेर काढावे का?

मुसळधार पाऊस आणि त्यानंतरचा एक दिवस काढू नये. माळव्याची काळी माती ओली झाली की वासराचे पाय रुततात, खुरांत चिखल सुकून जखमा होतात आणि पोट सतत ओले राहते. फाटकापाशी आणि हौदाभोवती मुरूम किंवा विटांचे तुकडे पसरले तर निम्मा त्रास संपतो. थंडीत इंदूरचे रात्रीचे तापमान बऱ्याचदा १० अंशांखाली उतरते, म्हणून वासराखाली कोरड्या भुश्याचा जाड थर आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाटाचा पडदा असावा. हवा मात्र पूर्ण कोंडू नये. कोंडलेल्या गोठ्यात मुताचा उग्र वास साचतो आणि न्यूमोनिया त्यातूनच सुरू होतो.

१५. व्याल्यावर गाय दगावली. वासरू कसे जगवावे?

प्रश्न २ मध्ये साठवायला सांगितलेला चीक अशाच वेळी कामी येतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवावी. उकळत्या पाण्यात किंवा गॅसवर ठेवली तर त्यातली प्रतिकारक द्रव्ये नष्ट होतात. चीक साठवलेला नसेल तर त्याच सुमारास व्यालेल्या शेजारच्या निरोगी गाईचा मागावा. या बाबतीत गावात कोणी नाही म्हणत नाही, असा आमचा अनुभव आहे.

दुसऱ्या गाईला लावायचे असेल तर तिच्या स्वतःच्या वासराच्या वारेने किंवा मुताने अनाथ वासराचे अंग चोळावे. गाय वासरू मुख्यतः वासाने ओळखते. पहिले काही दिवस गाईला बांधूनच पाजावे आणि तिने आपणहून चाटल्याशिवाय दोघांना एकत्र मोकळे सोडू नये.

१६. वसुबारसेला शहरातून नातलग गाय-वासराची पूजा करायला येतात. काही काळजी घ्यावी का?

घ्यावी. माळव्यात ही वेळ वर्षातून दोनदा येते. आपल्या पंचांगाने श्रावण वद्य द्वादशीला इथल्या घरांची बछ बारस असते आणि आश्विन वद्य द्वादशीला आपली वसुबारस. दोन्ही वेळा सवत्स धेनूच हवी असते, आणि जवळपास ती तुमच्याकडेच असते. वासरू पंधरा दिवसांच्या आतले असेल तर पूजा कुंपणाबाहेरून करावी. मोठे असेल तर गाय बांधून, एका वेळी दोघी-तिघींनाच जवळ जाऊ द्यावे. आलेली गाडी, चपला आणि हात आदल्या दिवशी दुसऱ्या गोठ्यात गेले होते का, हे विचारायला संकोच करू नये.

नैवेद्य गाईला घासभरच द्यावा. एका दिवशी वीस घरांचे गूळ, भात आणि पुऱ्या पोटात गेल्या की आंबवण होऊन गाय खाणे सोडते आणि गंभीर आजारी पडते. वासराला तर काहीच देऊ नये. गंमत अशी की त्या दिवशी गव्हाचे आणि गाईच्या दुधाचे न खाण्याचे व्रत बायका पाळतात, आणि तेच पीठ गाईपुढे ढीगभर ठेवले जाते.

१७. बाजारातून वासरासह गाय आणली. ती लगेच आमच्या गुरांत सोडावी का?

तीन ते चार आठवडे पूर्ण वेगळी ठेवावी. तिचे भांडे, दोर आणि झाडू वेगळे असावेत, आणि आपल्या गुरांची कामे आधी, तिची नंतर करावीत. त्यानंतर प्रश्न ५ प्रमाणे भेट घालावी.

१८. जुळी झाली आहेत, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड पुढे दुधासाठी ठेवावी का?

घाई करू नये. नर-मादी जुळ्यांत गर्भातच दोघांचा रक्तप्रवाह एकमेकांत मिसळत असल्याने दहांतल्या नऊ किंवा त्याहून जास्त कालवडी वांझ राहतात. पशुवैद्यक काही आठवड्यांतच तपासून बरेचसे सांगू शकतात. दोन्ही माद्या असतील तर ही अडचण येत नाही. आई दोघांना पुरी पडत नसेल, तर दुबळ्या वासराला आधी पाजावे आणि मगच दुसरे सोडावे.

१९. गोऱ्हा आईबरोबर किती दिवस ठेवता येईल?

आठ महिन्यांच्या आत तो माद्यांपासून वेगळा झालेला बरा. चांगले खाणे मिळालेला गोऱ्हा नवव्या-दहाव्या महिन्यापासून गाय फळवू शकतो, आणि लहान कुरणात त्याच्यासमोर त्याची आई आणि बहीणच असते. संकरित कालवडही कधीकधी सातव्या-आठव्या महिन्यातच माजावर येते. इतक्या लहान वयात गाभण राहिली तर वीत अवघड जाते. खच्चीकरण करायचे असल्यास ते पशुवैद्यकांकडून चिमट्याने करून घ्यावे. गावचा वळू कुरणात येत असेल तर तान्ह्या वासरासह गाय त्या वेळेस आतच ठेवावी, कारण गाय माजावर आली की तिच्यामागे लागलेल्या वळूला पायाखालचे वासरू दिसत नाही.